दाराबाहेर कोण होतं याचा लेखी खुलासा

माणसाच्या हृदयात चार झडपा असतात. त्यातली एक जरी नीट मिटली नाही, तरी पुढे गेलेलं रक्त थोडं थोडं मागे येतं.

*

आमच्या लिफ्टमध्ये चार माणसं मावतात. एका मताची असली तर पाच.

*

कचेरीतून बाहेर जाणाऱ्या कागदावर जावक क्रमांक पडतो. क्रमांक न पडता कागद गेला, तर तो पोचला तरी गेला असं धरत नाहीत.

*

"आ करा. अजून मोठा. हं, आता सांगा, कंपाउंडर की मोठी सून?" (तळमजल्यावरचे दंतवैद्य, माझ्या दाढेत यंत्र घालून.)

*

सूचना : रहिवाशांनी जिन्यात उभे राहून खुनाविषयी चर्चा करू नये. ज्यांना करायची आहे त्यांनी गच्चीवर करावी. गच्चीची किल्ली मिळणार नाही. (सेक्रेटरी.)

*

हे तुकडे जोडून देणं माझं काम आहे आणि मी ते करणार आहे. ज्यांचं काम होतं त्यांनी दोनशे बारा भाग घेऊनही ते केलं नाही, म्हणून तर पुढचं सगळं झालं.

तर मालिका. एका छापखान्याच्या मालकाला औषधातून विष दिलं जातं. संशय चौघांवर, पण खरे दोघेच : त्याची मोठी सून आणि औषध देणारा कंपाउंडर. तपास करणारी एक इन्स्पेक्टर बाई, जी कधी हसत नाही. पंधरा तारखेला, संध्याकाळी आठ वाजता, शेवटचा भाग. इन्स्पेक्टर बाई घरी येते. बूट काढते. दाराची बेल वाजते. ती दाराच्या भोकातून बाहेर पाहते आणि चार वर्षांत पहिल्यांदा हसते. म्हणते, "मला वाटलंच होतं." हात कडीकडे जातो.

पडदा काळा. त्यानंतर साबणाची जाहिरात.

आमच्या घरात पहिला आवाज माझ्या सासऱ्यांचा झाला. "लाईट गेले का?" लाईट गेले नव्हते. अप्पांनी साबणाची जाहिरात संपेपर्यंत वाट पाहिली, मग बातम्या संपेपर्यंत. मग त्यांनी कपाटातून फाईल काढली.

फाईलबद्दल सांगायला हवं. अप्पा चौतीस वर्षं न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. माणसं क्रिकेटचे आकडे लक्षात ठेवतात तसे ते दप्तरं लक्षात ठेवत. निवृत्त झाल्यावर हातांना काही काम राहिलं नाही, म्हणून त्यांनी या मालिकेची फाईल उघडली. खाकी पुठ्ठा, लाल नाडी, डाव्या अंगाला टिपण्या, उजव्या अंगाला पुरावे. प्रत्येक भागाला एक टिपणी. भाग ८८ : "आरोपी क्र. २ डाव्या हाताने चहा पितो. पूर्वी उजव्या. नोंद घ्यावी." नोंद घेणारे तेच आणि घ्यावी म्हणणारेही तेच.

त्या संध्याकाळी त्यांनी टिपणी क्रमांक २१२ लिहिली, नाडी बांधायला घेतली, आणि सोडून दिली.

"मी सव्वीस तारखेला येत नाही," ते म्हणाले.

सव्वीस तारखेला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ती झडप फार दिवस थांबणार नाही, आणि डॉक्टरही थांबणार नव्हते. एकोणतीसला ते दोन महिन्यांसाठी परदेशी निघाले होते.

"येत नाही म्हणजे?" बायको म्हणाली.

"चौतीस वर्षांत उघडी फाईल टेबलावर टाकून मी एकदाही रजेवर गेलो नाही. भूल म्हणजे रजाच. आणि या रजेवरून परत रुजू होईनच याची हमी डॉक्टर देत नाहीत. खुनी कोण ते कळू दे, मग कापा."

"अप्पा, ती खोटी माणसं आहेत हो."

"रेकॉर्ड रूममध्ये मी काही माणसं ठेवत नव्हतो. कागदच ठेवत होतो."

बायको माझ्याकडे वळली. लग्नाला एकवीस वर्षं झाली; ती कधी वळते आणि का वळते हे मला कळतं. "तुम्ही पत्रव्यवहाराच्या खात्यात आहात ना? मग करा पत्रव्यवहार. मला सव्वीसच्या आत उत्तर पाहिजे."

मी सांडपाणी खात्यात आवक-जावक लिपिक आहे. आलेली पत्रं आवक रजिस्टरात चढवायची, गेलेली जावक रजिस्टरात. मधल्या काळात पत्राचं काय होतं ते दुसरं टेबल बघतं. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एकही पत्र हरवलेलं नाही. कुठल्याही पत्राला उत्तर गेलेलं आहे, असंही माझ्या आठवणीत नाही.

पत्रव्यवहार, पहिली फेरी

सोळा तारखेला मी वाहिनीला रीतसर पत्र पाठवलं. प्रत ईमेलने. ईमेलला नऊ सेकंदांत उत्तर आलं : "आपल्याला मालिका आवडली याचा आम्हाला आनंद आहे." मी आवडली असं म्हटलं नव्हतं.

मग फोन. यंत्राने मला सहा वेळा एक दाबायला लावलं आणि शेवटी एका गोड आवाजाच्या मुलीकडे सोपवलं.

"सर, शेवट खुला ठेवलाय."

"बंद कधी होईल?"

"नाही सर, खुला म्हणजे ज्याचा त्याने ठरवायचा."

"बाई, आमच्याकडे ज्याचा त्याने ठरवत नाहीत. सक्षम अधिकारी ठरवतो. तुमच्याकडे सक्षम कोण आहे?"

तिने थोडा विचार केला. खरंच केला असावा, कारण मागे पंखा ऐकू येत होता. "सर, तसं कोणी नाही," ती म्हणाली. इतकं प्रामाणिक उत्तर मला कुठल्याच कचेरीतून मिळालेलं नाही.

इमारत

मी जिन्यात एकदाच कोणाला तरी बोललो की अप्पा असं असं म्हणताहेत. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस घरांना ऑपरेशनची तारीख पाठ होती.

सल्ले आले. तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी आठवीच्या मुलांना निबंध घातला : "दाराबाहेर कोण होते?" एकतीस मुलांपैकी एकोणीस जणांनी शिकवणीच्या बाईच होत्या असं लिहिलं. दंतवैद्यांनी शेवटचा प्रसंग संगणकावर थांबवून, दात बघायचं भिंग डोळ्याला लावून, दाराच्या भोकातलं प्रतिबिंब तपासलं. त्यात त्यांना टोपी दिसली. दुसऱ्या दिवशी केस दिसले. तिसऱ्या दिवशी त्यांना तिथे एक किडलेली दाढ दिसली आणि त्यांच्या बायकोने संगणक बंद केला. बाहेरच्या जगातही शहाणपण उतू जात होतं. कोणी वाहिनीच्या फाटकावर चप्पल टांगली, कोणी कंपाउंडरचं काम करणाऱ्या नटाला भर बाजारात थांबवून समजावून सांगितलं की अजूनही वेळ गेलेली नाही, कबूल करून टाक.

सेक्रेटरींनी तातडीची सर्वसाधारण सभा बोलावली. विषय एक : खुनी निश्चित करणे. विषय दोन : आयत्या वेळचे विषय.

पाण्याच्या टाकीला तडा गेला तेव्हाच्या सभेला पाच माणसं होती, त्यातली दोन चुकून आली होती. या सभेला अठ्ठावीसच्या अठ्ठावीस घरं हजर. मागच्या वर्षी समोरच्या गोदामाचा पहारेकरी सकाळी मरून पडलेला सापडला होता. तो कशाने मेला हे आम्हाला कोणालाही अजून माहीत नाही. त्याच्यावर सभा झाली नव्हती. असो.

इतिवृत्तातून :

*ठराव १. कंपाउंडर खुनी असल्याचे मानावे. बाजूने १४, विरुद्ध १३, एक मत बाद (इन्स्पेक्टर बाईंना दिल्यामुळे). ठराव मंजूर. विरोधकांनी सभात्याग केला, परंतु चहा आल्याने परत आले.*

सेक्रेटरींनी ठरावाची प्रत स्वतः अप्पांना नेऊन दिली. अप्पांनी ती दोनदा वाचली.

"बहुमताने खुनी ठरत असता," ते म्हणाले, "तर तुम्ही सेक्रेटरी नसता, आत असता."

त्या दिवसापासून इमारतीचे दोन भाग झाले. कंपाउंडरवाले लिफ्टने, सूनवाले जिन्याने. सूनवाल्यांना पाय जास्त होते म्हणून नाही, लिफ्टची चावी सेक्रेटरींकडे होती आणि ते कंपाउंडरवाले होते. मी दोन्ही बाजूंना हसून मान डोलवत असे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी मला दुसऱ्या बाजूचा धरलं.

वीस तारीख उजाडली. अप्पांनी ठराव मानला नव्हता, म्हणून त्यांनाही जिनाच होता; तो चढताना ते दुसऱ्या मजल्यावर टेकायला लागले होते. आधी तिसऱ्यावर टेकत. बायकोने ते पाहिलं, माझ्या डब्याचं झाकण जरा जोरात लावलं आणि म्हणाली, "उत्तर आणा. कुठून आणता ते मला सांगू नका."

पत्रव्यवहार, दुसरी फेरी

आता मी जे केलं त्याला खोटेपणा म्हणता येईल. मी त्याला प्रलंबित पत्राचा निपटारा म्हणतो.

जेवणाच्या सुट्टीत, कचेरीच्या संगणकावर, मी वाहिनीच्या वतीने उत्तर लिहिलं. खुनी निवडायला तीन मिनिटं लागली. मोठी सून म्हणावं, तर माझी बायको आमच्या घरातली मोठी सून आहे. तिसरा संशयित वकील होता, पण दुसऱ्या मजल्यावर वकील राहतात आणि ते फार पटकन नोटीस पाठवतात. कंपाउंडर आमच्या नात्यात किंवा मजल्यावर कोणी नव्हता. न्याय असाच होत असावा.

*जा. क्र. आ.जा./४१७*
*विषय : मालिकेतील खुनाबाबत.*
*संदर्भ : आपले दि. १६ चे पत्र.*

*महोदय,*
*उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर खून हा मालिकेतील कंपाउंडर यांनी केलेला असून अखेरच्या भागात दाराबाहेर तेच उभे होते. तरी याबाबत आपल्या स्तरावर संभ्रम राहू नये, ही विनंती.*

*आपला विश्वासू,*
*व्यवस्थापक (खून व शेवट)*

*प्रत : स्थळप्रत संचिकेस.*

मी ते वाचलं. मला ते चांगलं वाटलं. खरं सांगायचं तर एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मी एखाद्या पत्राला उत्तर देत होतो, आणि माझा ऊर जरा भरून आला होता.

एकवीसच्या सकाळी लिफाफा आमच्या टपालपेटीत टाकला. योजना अशी की संध्याकाळी मीच तो काढायचा, आश्चर्य दाखवायचं आणि वर न्यायचा. पण आमच्या पेटीचं झाकण दोन वर्षं लागत नाही, आणि पेट्यांच्या शेजारी दंतवैद्यांचा दवाखाना. त्यांना लिफाफ्यावर वाहिनीचं नाव दिसलं. मी घरी पोचलो तेव्हा आमच्या बैठकीत अकरा माणसं उभी होती आणि मधोमध अप्पा लिफाफा कात्रीने उघडत होते.

अप्पांनी पत्र वाचलं. तोंडावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, आणि अकरा माणसांनी त्याचे अकरा फोटो काढले.

सेक्रेटरींनी अप्पांचा हात हातात घेतला. "बघा. आमचा ठराव वाहिनीने मान्य केला."

रात्रीच्या जेवणापर्यंत तो फोटो कुठे कुठे गेला ते मला सांगता येणार नाही. मी फक्त आवक-जावक बघतो. बावीसला तो एका वर्तमानपत्रात होता. "अखेर वाहिनीची कबुली." सूनवाल्यांनी गेटवर काळ्या फिती लावल्या. दुपारी दंतवैद्यांचे कंपाउंडर मला भेटायला आले. साठीचे गृहस्थ, जाड चष्मा, तीस वर्षं त्याच काउंटरमागे. मी त्यांना साफ विसरलो होतो.

"तुमच्याच घरी ते पत्र आलं ना?" ते म्हणाले. "काल मी एका बाईंना गुळण्यांचं औषध दिलं. त्यांनी बाटली उघडून आधी मला प्यायला लावली."

"चव कशी होती?" मी विचारलं.

"लवंगेची," ते म्हणाले आणि गेले.

तेवीसला वाहिनीने खुलासा केला : असं पत्र आम्ही दिलेलं नाही, असा विभाग आमच्याकडे नाही, आणि खुनी कोण हे आम्हालाही ठाऊक नाही. त्याच दिवशी अकरा वाजता साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर माझं जावक रजिस्टर उघडं होतं. शेजारी त्यांचा फोन, फोनवर तो फोटो.

"आ.जा. चारशे सतरा," साहेब म्हणाले. "रजिस्टरप्रमाणे हे पत्र तुंबलेल्या गटाराबद्दल आहे. या फोटोप्रमाणे खुनाबद्दल. एकाच क्रमांकाची दोन पत्रं एका कचेरीतून गेली?"

मी रजिस्टरकडे पाहिलं. हाताला वळण असतं. कागद बाहेर जाणार म्हटल्यावर माझ्या हाताने त्याला त्या दिवशीचा क्रमांक दिला होता. चोर पाकीट मारून पावती फाडत नाही. मी फाडली होती.

"नाही साहेब. म्हणजे, होय साहेब."

"बनावट पत्राचं मला एवढं वाईट वाटत नाही," साहेब आवाज खाली आणून म्हणाले. "पण कंपाउंडर? एकशे चाळीसाव्या भागात सुनेने विहिरीत काय टाकलं ते तुम्ही पाहिलं नाही का?"

मला तीन दिवसांत लेखी खुलासा मागण्यात आला. मागणीचं पत्र मीच जावक केलं, मीच आवक केलं, आणि पोच म्हणून मीच सही केली.

चौकशी

चोवीसला संध्याकाळी घरी आलो तर जेवणाचं टेबल रिकामं केलेलं होतं. एका बाजूला अप्पा, समोर एक खुर्ची. अप्पांच्या पुढ्यात नवी फाईल. नवा पुठ्ठा, नवी नाडी.

"बसा, जावईबापू."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने बाजू घेतली नाही. कोणाचीच.

"वाहिनीने खुलासा केला तो आज वर्तमानपत्रात वाचला," अप्पा म्हणाले. "मला त्याची गरज नव्हती. एक : खासगी कंपनी जावक क्रमांक टाकत नाही. दोन : तिकिटावर टपालाचा शिक्का नाही. तीन : स्थळप्रत पाठवणाऱ्याकडे राहते, आणि मिळणाऱ्याला ती सांगायचं कारण नाही. चार : संदर्भाची प्रत जोडणारी पिन डाव्या कोपऱ्यात, तिरकी, टोक आतल्या बाजूला. टोक बोटाला टोचू नये म्हणून अशी पिन मी लावायचो. माझ्या माहितीत अजून एकच माणूस लावतो. त्याला मी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात शिकवली होती."

पंखा फिरत होता. मला अचानक आपण इन्स्पेक्टर बाईसमोर बसलेलो आहोत असं वाटलं, फरक एवढाच की अप्पा बूट घालत नाहीत.

"आरोपीला काही सांगायचंय?"

"अप्पा, सव्वीस तारीख जवळ आली होती."

"हेतू," अप्पांनी लिहून घेतलं. "पुढे."

"तुम्ही दुसऱ्या मजल्यावर टेकायला लागला होतात."

त्यांचं पेन थांबलं. तेवढंच. मग त्यांनी विचारलं, "एकट्याने केलं की साथीदार होता?"

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं नाही. आयुष्यात फार थोड्या वेळा मी मर्दासारखा वागलो आहे. तारखेसह सांगू शकतो. "एकट्याने."

"ते खोटं आहे," अप्पा म्हणाले, "पण कामकाजापुरतं चालेल."

त्यांनी मला पान वळवून दिलं. "वर नमूद केलेला गुन्हा मी केला असून मला तो मान्य आहे." मी सही केली. त्यांनी तारीख घातली, वेळ घातली, आणि खाली त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं : "आरोपी निष्पन्न. हेतू सिद्ध. सबब प्रकरण निकाली." मग नाडी बांधली. दोन वेढे आणि गाठ. खुर्चीत मागे टेकले आणि एवढा लांब श्वास सोडला की बायको पुढे आली.

"काही नाही गं. चार वर्षं बघतोय. दोनशे बारा भागांत त्यांना एक आरोपी देता आला नाही. यांनी एका पानात दिला."

"आणि मालिकेची फाईल?" मी विचारलं.

"ती प्रलंबित. प्रलंबित फाईल माणूस खालच्याला सोपवून रजेवर जाऊ शकतो. नियम आहे." त्यांनी जुनी फाईल माझ्याकडे सरकवली. "घ्या. आवक करून टाका."

पंचवीसला ते दवाखान्यात दाखल झाले. आमच्याबरोबर खाली उतरायला सगळी इमारत होती. कंपाउंडरवाले लिफ्टने आले, सूनवाले जिन्याने, आणि दोन्ही बाजूंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं चोराकडे पाहतात, म्हणजे जरा कौतुकाने. सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली होती : "बनावट पत्र लिहिणाऱ्या रहिवाशाचा सोसायटी निषेध करते. त्यांच्या सासऱ्यांना शुभेच्छा."

सव्वीसला ऑपरेशन साडेचार तास चाललं. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली, म्हणाले, "झडप आता व्यवस्थित मिटते." मग जरा घुटमळून मला बाजूला घेतलं. "तुम्हीच ना ते? नाही, भूल चढेपर्यंत पेशंट सांगत होते. मला आपलं विचारायचं होतं. खरं कोण होतं दाराबाहेर?"

मी म्हटलं, लेखी अर्ज करा.

कचेरीत माझा खुलासा अजून विचाराधीन आहे. रजिस्टरात चारशे सतरा क्रमांकापुढे साहेबांनी लाल शाईने "(अ)" आणि "(ब)" असे दोन भाग पाडले आहेत. गटार तुंबलेलंच आहे. अप्पा आता तिसऱ्या मजल्यापर्यंत न टेकता चढतात.

अप्पांची फाईल आवक करताना तिच्यात एका कागदाची प्रत निघाली. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर अप्पांनी एकट्याने दवाखान्यात जाऊन सही केली ती अकरा तारखेला, म्हणजे मालिकेच्या शेवटच्या भागाच्या, आणि "येत नाही" म्हणण्याच्या, चार दिवस आधी.